करीमचा स्कायहुक आता कुणीच का मारत नाही?

बेसलाइन:
काल रात्री झोप येईना म्हणून परत तोच जुना व्हिडिओ लावला. ५ एप्रिल १९८४, लास वेगास, एनबीए ह्या अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधली मॅच, लेकर्स विरुद्ध युटा जॅझ (युटावाले त्या सीझनला काही होम मॅचेस वेगासला खेळायचे). मॅजिक जॉन्सनने बॉल आत दिला, लेकर्सचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) करीम अब्दुल-जब्बार रिंगकडे पाठ करून उभा, आणि त्याला अडवायला मार्क ईटन, सात फूट चार इंच. म्हणजे सात फूट दोन इंचाच्या करीमपेक्षाही दोन इंच उंच! करीम वळला, उजवा हात सरळ आभाळाकडे गेला, मनगट हललं आणि बॉल जाळीत. हाच त्याचा स्कायहुक. विल्ट चेंबरलेनचा करिअरमधल्या सगळ्यात जास्त, ३१,४१९ पॉइंट्सचा रेकॉर्ड तिथे मोडला. ईटनसारखा माणूस अंगावर असून त्याला काहीही करता आलं नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय तरी दरवेळी अंगावर काटा येतो.

तो रेकॉर्ड पुढे ७ फेब्रुवारी २०२३ पर्यंत टिकला, जवळपास ३९ वर्षं. लेब्रॉन जेम्सने मोडला तेव्हा ७५ वर्षांचा करीम कोर्टच्या कडेलाच बसला होता आणि नंतर आत येऊन त्याने स्वतः बॉल लेब्रॉनच्या हातात दिला. त्या दिवशी सगळीकडे आकडेच आकडे होते. २० सीझन, १,५६० मॅचेस, ३८,३८७ पॉइंट्स, सहा वेळा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), सहा चॅम्पियनशिप, १९ वेळा ऑल-स्टार. मला त्यातला आवडता आकडा वेगळाच आहे. एवढ्या सगळ्या पॉइंट्समध्ये थ्री पॉइंटर (लांबच्या लाइनबाहेरून मारलेला तीन पॉइंट्सचा शॉट) किती तर एक! अख्ख्या करिअरमध्ये एक. थ्रीची लाइन एनबीएत आलीच १९७९ ला, तोवर त्याची दहा वर्षं खेळून झालेली होती, आणि त्याला तिची गरजही पडली नाही.

आता मुद्द्यावर येतो. त्याच्या आकड्याला वारस मिळाला, लेब्रॉन. त्याच्या शॉटला मिळाला नाही. क्रिकेटमध्ये कुणी एखादा नवीन बॉल शोधून काढला की पाच वर्षांत गल्लीतली पोरं तो टाकायला लागतात. इथे एका माणसाने २० वर्षं एकच शॉट मारून खेळातले सगळ्यात जास्त पॉइंट्स केले, सगळ्या जगाने बघितलं, आणि तो रिटायर झाला तशी ती गोष्टच बंद पडली. मला हे खरंच टोचतं. १९८७ च्या फायनलमध्ये बोस्टनमध्ये मॅजिकने चौथी मॅच जिंकली ती हुक मारूनच, १०७-१०६, आणि त्याला सगळे ज्युनियर स्कायहुक म्हणतात. म्हणजे शेजारी उभं राहून एक जण थोडंफार शिकला. बाकी?

ज्यांनी खेळलंय, शिकवलंय, बघितलंय त्या सगळ्यांनी लिहा. मला एक ओळीचं उत्तर नकोय.

पाऊसवेडी:
छान धागा. मला बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही पण लेक यंदा सातवीत गेली आणि शाळेच्या टीममध्ये सिलेक्ट झालीये, वर्गात सगळ्यात उंच म्हणून तिला सेंटरला उभं करतात. त्यामुळे हल्ली घरात हेच विषय. स्कायहुक म्हणजे नक्की काय ते कुणी साध्या भाषेत सांगेल का? व्हिडिओत फार पटकन होऊन जातं.

वऱ्हाडी_सेंटर:
ताई मी सांगतो, मी नागपूरला कॉलेजात चार वर्षं सेंटर खेळलोय. असं समजा की तुम्ही रिंगकडे पाठ करून उभ्या आहात, आठ-दहा फुटांवर, डिफेंडर तुमच्या पाठीला चिकटलाय. बॉल हातात आला. आता साधारण माणूस काय करतो की पूर्ण वळून रिंगकडे तोंड करतो आणि मग उडी मारून शॉट घेतो, म्हणजे बॉल आपल्या छातीसमोर येतो आणि समोरच्याला तो दिसतो, हात घालता येतो. हुकमध्ये तुम्ही पूर्ण वळतच नाही. अर्धंच वळायचं, डावा खांदा रिंगकडे आणि डावा पाय टेकवून त्याच्यावर उडी, उजवा गुडघा वर. आता डिफेंडर आणि बॉल ह्यांच्या मधे तुमचं अख्खं शरीर आलं. डावा हात कोपरात वाकवून कुंपणासारखा. उजवा हात बाजूने सरळ वर न्यायचा, अगदी कानाला लागून, आणि हात पूर्ण ताणला गेला की मनगटाने बॉल सोडायचा.

साधे हुक पूर्वी बरेच जण मारायचे पण ते बाजूने गोल हात फिरवून, लोटल्यासारखे. करीमचा हात उभा जायचा आणि बॉल अगदी टोकावरून सुटायचा, वरून खाली पडायचा. म्हणून स्काय. हे नाव मिलवॉकीच्या (करीमची पहिली टीम तिथली) एडी डूसेट नावाच्या कॉमेंटेटरने दिलेलं. त्याला अडवायचं तर आधी त्याचं शरीर ओलांडून जायला पाहिजे आणि शरीर ओलांडायला गेलात की फाउल. समोरच्याला मार्गच राहत नाही बघा.

बेसलाइन:
वऱ्हाडी, फार छान सांगितलंत. त्यात एक भर घालतो, हा शॉट आला कुठून. करीम न्यूयॉर्कचा, १९४७ चा जन्म, तेव्हाचं नाव लू अल्सिंडर. लहान शाळेत असतानाच त्याला मायकन ड्रिल शिकवलं गेलं. जॉर्ज मायकन म्हणजे एनबीएचा पहिला मोठा सेंटर, त्याच्या नावाचं ड्रिल. रिंगखाली उभं राहायचं, उजवीकडून उजव्या हाताने छोटा हुक, बॉल खाली पडू न देता धरायचा, लगेच डावीकडून डाव्या हाताने, परत उजवीकडून, असं न थांबता. पाऊसवेडी ताई, लेकीला हे आजपासून करायला लावा, त्याला फक्त रिंग आणि बॉल लागतो.

मग यूसीएलए, लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी. पहिल्या वर्षीच्या मुलांना तेव्हा मुख्य टीममधून खेळायला परवानगी नव्हती, तर १९६५ ला त्या पहिल्या वर्षीच्या पोरांच्या टीमने यूसीएलएच्याच मुख्य टीमला ७५-६० हरवलं, आणि ती मुख्य टीम तेव्हा देशाची चॅम्पियन होती! पुढची तीन वर्षं तो खेळला, ८८ जिंकल्या आणि दोनच हरला, तीन वर्षांत तीन टायटल. आणि १९६७ ला कॉलेज बास्केटबॉलच्या नियम करणाऱ्यांनी डंकच (उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं) बंद करून टाकला. लोक त्याला अल्सिंडर रूलच म्हणायचे. कोच जॉन वुडन ह्यांनी त्याला समजावलं की ह्याने तुझा खेळ सुधारेलच. डंक बंद झाला म्हणून हुक घासला गेला. १९७६ ला डंक परत आला तोवर करीम एनबीएत चार-चार एमव्हीपी घेऊन बसला होता.

मिलवॉकीतला_मराठी:
मी मिलवॉकीला १६ वर्षं राहतोय, त्यामुळे इथली बाजू लिहितो, कारण सगळे लेकर्सचंच बोलतात.

बक्स ही टीम १९६८ ला सुरू झाली, पहिल्या सीझनला २७ जिंकल्या आणि ५५ हरल्या. तेव्हा दोन्ही डिव्हिजनच्या तळाच्या टीम्समध्ये नाणेफेक व्हायची, जो जिंकेल त्याला पहिला खेळाडू निवडायला मिळणार. फीनिक्सने छापा मागितला, काटा पडला. एका नाण्यावर मिलवॉकीला करीम मिळाला. पहिल्याच वर्षी त्याने २८.८ पॉइंट्सची सरासरी काढली आणि टीम २७ वरून ५६ विजयांवर गेली. पुढच्या वर्षी ऑस्कर रॉबर्टसन आला आणि १९७१ ला बाल्टिमोरला चार-शून्य हरवून चॅम्पियन. त्यानंतर परत टायटल यायला इथल्या लोकांनी २०२१ पर्यंत वाट बघितली, ५० वर्षं.

माझ्या ऑफिसात एक म्हातारे गृहस्थ होते, आता रिटायर झालेत, ते १९७४ च्या फायनलची सहावी मॅच अजून डोळ्यासमोर असल्यासारखी सांगायचे. बोस्टनमध्ये मॅच, दोनदा ओव्हरटाइम, बक्स एक पॉइंटने मागे, काही सेकंद उरलेले, टाइमआउटनंतर प्लॅन दुसरा होता पण कुणी मोकळं सापडलं नाही म्हणून करीम स्वतःच बेसलाइनच्या बाजूला गेला आणि तिथून लांबून हुक. १०२-१०१. हे सांगताना ते जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या हात वर करून दाखवायचे आणि दोन सेकंद हात तसाच वर ठेवायचे. सातवी मॅच बक्स घरी हरले, ते मात्र ते एका वाक्यात उरकायचे.

आणि मग त्याने सोडून जायला मागितलं. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला जायचंय असं सांगितलं, इथल्या लोकांबद्दल तक्रार नाही पण मला जसं जगायचंय ते इथे नाही. १९७५ ला लेकर्सला गेला. त्या गृहस्थांना मी एकदा विचारलं की राग आला होता का. ते म्हणाले राग नाही, घरातला मोठा मुलगा नोकरीला दुसऱ्या गावी गेल्यासारखं वाटलं.

नागपाडाकर:
मिलवॉकीवाल्यांची पोस्ट वाचून भरून आलं.

मी मुंबईत नागपाड्याला वाढलो. आमच्याकडे क्रिकेट नंतर, बास्केटबॉल आधी, ज्यांनी ती मैदानं संध्याकाळी बघितलीत त्यांना कळेल. आता गेली अकरा वर्षं शाळेच्या मुलांना शिकवतोय, तर बेसलाइन ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला रोज संध्याकाळी पाच वाजता मिळतं. पोरगं कोर्टवर आलं की पहिल्यांदा थ्रीच्या लाइनच्या दोन पावलं मागे जाऊन उभं राहतं आणि तिथून बॉल फेकतं. कमरेतून जोर लावून, दोन्ही हातांनी. दहातला एक जातो आणि तो गेला की सगळे ओरडतात. तुम्ही त्याला रिंगखाली उभं करून मायकन ड्रिल द्या, दहातले आठ जातात आणि कुणी ओरडत नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराला ओरडलेलं हवं असतं हो, त्यात त्याची काय चूक.

एका मुलाला मी शिकवला. उंची बरी होती, हात लांब. रोज १०० उजव्या हाताने, ५० डाव्याने. पहिला महिना बॉल बोर्डच्या वरून मागे जायचा, कारण मनगट लवकर हलायचं. मी त्याला भिंतीला डावा खांदा लावून उभं केलं आणि बॉल न घेता फक्त हात वर न्यायला लावला, भिंतीपासून खांदा सुटता कामा नये. कंटाळला, रडला सुद्धा एकदा. चौथ्या महिन्यात एका मॅचमध्ये त्याने तीन मारले आणि समोरचा सेंटर त्याच्याहून उंच होता. नंतर अकरावीला दुसरीकडे गेला, तिथल्या टीमवाल्यांनी सांगितलं हे बंद कर, बाहेरून शॉट मारायला शिक. त्याने बंद केलं. मला फोन करून सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता. मी काय बोलणार, म्हटलं टीम सांगते ते कर.

वऱ्हाडी_सेंटर:
नागपाडाकर, तुमच्या ह्या पोस्टला काय म्हणू, मनात घर करून राहिली.

टीमवाले असं का सांगतात त्याचं एक कारण हिशोबाचं आहे आणि ते नाकारून चालणार नाही. थ्री ३५ टक्के गेला तरी शंभर वेळा मारून १०५ पॉइंट्स होतात. हुकने तेवढे करायला ५२-५३ टक्के जायला पाहिजे. साध्या माणसाचा हुक तेवढा जात नाही. करीमचा करिअरचा फील्ड गोल ५५.९ टक्के आहे, म्हणजे त्याचा हिशोब आजच्या काळातही बसतो, पण तो करीम होता.

दुसरं कारण नियमाचं. २००१ पर्यंत एनबीएत झोन डिफेन्सला (माणसाऐवजी जागा राखायची पद्धत) बंदी होती, जो तो आपापला माणूस धरणार. त्यामुळे पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या जागेत, बॉल मिळेपर्यंत सेंटरच्या आजूबाजूला गर्दी करता येत नव्हती. झोन चालू झाल्यावर बॉल यायच्या आधीच पुढे एक मागे एक माणूस उभा करतात. सेंटरला बॉल द्यायचाच अवघड झालं. पोस्टचा खेळच आटला, त्यात हुक गेला.

विल्टप्रेमी:
सगळ्यांबद्दल आदर आहे पण इथे विल्टवर अन्याय होतोय असं मला मनापासून वाटतं. विल्टचे ३१,४१९ पॉइंट्स १,०४५ मॅचेसमध्ये आलेत, सरासरी ३०.१. करीमची २४.६. एका मॅचमध्ये १०० पॉइंट्स, २ मार्च १९६२, हर्शी गावात. एका पूर्ण सीझनची सरासरी ५०.४. उंच माणसाने पॉइंट्स करणं म्हणजे काय हे जगाला विल्टने दाखवलं. आणि १९७२ ला वेस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये समोरासमोर आले तेव्हा ३५ वर्षांच्या विल्टच्या लेकर्सने करीमच्या बक्सला हरवलं, ४-२.

बेसलाइन:
विल्टप्रेमी, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि विल्टला कमी लेखायचा हेतू अजिबात नाही. पण १९७२ चंच बोलायचं तर त्याच सीझनला करीमची सरासरी ३४.८ होती, आणि लेकर्सची सलग ३३ विजयांची मालिका ९ जानेवारीला थांबवली ती बक्सनेच, त्यात करीमचे ३९. म्हणजे २४.६ ही सरासरी बघताना हे ध्यानात घ्या की त्यात ४१-४२ वर्षांचा करीम धरलेला आहे. विल्ट १४ सीझन खेळला आणि थांबला. करीमने शेवटी शेवटी स्वतःची सरासरी खाली येऊ दिली पण खेळत राहिला. १९७७ पासून १९८७ पर्यंत सलग ७८७ मॅचेसमध्ये त्याचे दोन आकडी पॉइंट्स होते, दहा वर्षं एकही संध्याकाळ रिकामी गेली नाही.

मला वाटतं हे शक्य झालं ते हुकमुळेच. उडीवर चालणारा शॉट ३२-३३ व्या वर्षी म्हातारा होतो. हुकला उडी थोडी लागते, बाकी काम पायाचं, खांद्याचं आणि मनगटाचं.

समुद्रपक्षी:
आणि योगाचं! हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. करीम १९७० च्या दशकातच योगासनं करायला लागला होता, तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या खेळाडूंमध्ये हे कुणी करत नव्हतं. योग नसता तर इतकी वर्षं खेळूच शकलो नसतो असं त्याने स्वतः सांगितलंय. मी योग शिकवते, माझ्याकडे उंच माणसं येतात त्यांची कंबर आणि मांडीमागचे स्नायू दोरीसारखे आखडलेले असतात. सात फूट दोन इंचाचा माणूस २० वर्षं सिमेंटसारख्या फळ्यांवर उड्या मारतो आणि गुडघे शाबूत ठेवतो ही साधी गोष्ट नाही. वर वऱ्हाडी ह्यांनी जे वर्णन केलंय, एका पायावर तोल, शरीर बाजूला वळलेलं आणि एक हात सरळ वर, ते वाचताना माझ्या डोळ्यासमोर आसनच आलं.

सत्तरीतला:
माझी गोष्ट लांब आहे, वाचा.

मी १९८४ ते ८६ लॉस एंजेलिसला शिकायला होतो. बास्केटबॉल माहीत नव्हतं, आमचं गाव कबड्डीचं. १९८५ ची फायनल लेकर्स आणि सेल्टिक्स. होस्टेलच्या हॉलमध्ये एक टीव्ही, तीस-चाळीस पोरं. पहिली मॅच २७ मे ला बोस्टनमध्ये आणि लेकर्स १४८-११४ ने हरले. करीम ३८ वर्षांचा, १२ पॉइंट्स आणि तीन रिबाउंड. तो मागे धावायचा तर समोरचे पुढे पोचलेले असायचे. माझ्या शेजारचा एक मुलगा म्हणाला की ह्या माणसाला आता घरी पाठवा. दुसऱ्या दिवशी पेपरातही तेच. आणि आधी आठ वेळा फायनलमध्ये लेकर्स सेल्टिक्सकडून हरलेले, एकदाही जिंकले नव्हते, त्यामुळे शहरात सुतक असल्यासारखं.

पुढचं मला नंतर वाचून कळलं. टीम त्या मॅचची फिल्म बघायला बसली तेव्हा नेहमी मागे बसणारा करीम सगळ्यात पुढच्या खुर्चीत जाऊन बसला. कोच पॅट रायलींनी त्याच्या तोंडावर सगळं सुनावलं, त्याने ऐकून घेतलं. मग दुसऱ्या मॅचला बसमध्ये चढताना त्याने रायलींना विचारलं की माझ्या वडिलांना बरोबर आणू का. टीमच्या बसमध्ये घरच्यांना घ्यायचं नाही असा नियम होता. रायलींनी हो म्हटलं. वडील न्यूयॉर्कमध्ये पोलीस होते, ज्युलियार्डला संगीत शिकलेले.

ती दुसरी मॅच मी त्याच हॉलमध्ये बघितली. ३० पॉइंट्स, १७ रिबाउंड, आठ असिस्ट, तीन ब्लॉक. रिंगखाली बॉल आला की तो गॉगलवाला लांब माणूस वळायचा आणि हात वर जायचा आणि आम्ही बॉल जाळीत जायच्या आधीच ओरडायला लागायचो, इतकी खात्री. ९ जूनला लेकर्सनी बोस्टनमध्येच टायटल घेतलं, आणि ३८ व्या वर्षी फायनलचा एमव्हीपी करीम. घरी पाठवा म्हणणारा तो मुलगा मला मिठी मारून रडत होता. मी घरी पत्रात हे सगळं लिहिलं होतं, वडिलांनी उत्तरात विचारलं होतं की त्या खेळाडूचे वडील बसमध्ये कुठे बसले. त्यांना बाकी कशाहीपेक्षा तेच लक्षात राहिलं.

मिलवॉकीतला_मराठी:
सत्तरीतला काका, फार सुंदर. गॉगलबद्दल एक. १९६८ च्या जानेवारीत त्याच्या डोळ्याच्या बुब्बुळाला ओरखडा आलेला, तसाच ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये ५२ हजारांपेक्षा जास्त लोकांसमोर एल्विन हेजच्या टीमविरुद्ध खेळला आणि यूसीएलए ७१-६९ हरली. (मार्चमध्ये त्याच टीमला १०१-६९ हरवलं.) मग १९७४ ला इथे बक्सकडून खेळताना परत डोळ्यात बोट गेलं, रागाने त्याने रिंगच्या खांबावर बुक्की मारली आणि हात मोडून घेतला. त्यानंतर तो गॉगल लावायला लागला. १९७७ ला केंट बेन्सनला ठोसा मारून परत हात मोडला. तो शांत होता असं सगळे म्हणतात, आत खूप काही साठलेलं होतं.

पाऊसवेडी:
एवढा राग कशाचा होता?

समुद्रपक्षी:
मला जेवढं माहितीये ते सांगते. शाळेत असताना ज्या कोचवर त्याचा विश्वास होता त्यांनीच एका मॅचच्या हाफटाइमला त्याला काळ्या लोकांसाठीची शिवी देऊन डिवचलं होतं. १७ वर्षांचा असताना हार्लेममध्ये दंगल त्याने जवळून बघितली. १९६७ ला मुहम्मद अलीने सैन्यात जायला नकार दिला तेव्हा क्लीव्हलँडला मोठमोठे काळे खेळाडू त्याच्या बाजूने एकत्र आले, बिल रसेल, जिम ब्राउन, आणि त्यात हा २० वर्षांचा कॉलेजातला मुलगा. १९६८ च्या ऑलिम्पिकला तो गेलाच नाही. १९७१ ला टायटल जिंकल्या जिंकल्या जगाला सांगितलं की माझं नाव आता करीम अब्दुल-जब्बार. लोकांनी त्याला उद्धट ठरवलं. पत्रकारांशी बोलायचा नाही, सही मागितली तर पुस्तकात डोकं घालून बसायचा, खूप लाजाळू होता. आणि लोकांना हसतमुख हिरो हवा असतो.

१९८३ ला त्याचं घर जळालं, हजारो जॅझच्या रेकॉर्ड्स गेल्या, वडिलांमुळे ती आवड. तेव्हा लोक मॅचेसना येताना त्याच्यासाठी रेकॉर्ड्स घेऊन यायला लागले, गावोगावी. त्याने नंतर लिहिलंय की लोकांना आपण आवडतो हे त्याला तेव्हा जाणवलं.

नागपाडाकर:
आणि मला वाटतं शॉट पुढे न जाण्याचं तिसरं कारण इथेच आहे. त्याला शिकवायचं होतं. रिटायर झाल्यावर तो अॅरिझोनात अपाची लोकांच्या वस्तीतल्या शाळेत एक डॉलर पगारावर मुलांना शिकवायला गेला होता! २००२ ला एका छोट्या लीगमध्ये कोच म्हणून टायटल जिंकलं. पण एनबीएत हेड कोच कुणीच केलं नाही, कारण हा माणूस बोलत नाही, जमणार नाही असा शिक्का. २००५ ला लेकर्सनी अँड्र्यू बायनम ह्या तरुण सेंटरला शिकवायला बोलावलं खरं, पण तेही असिस्टंट म्हणून. ज्याच्याकडे ती विद्या होती त्याच्याकडे पोरं पाठवलीच नाहीत तर ती पुढे कशी जाणार? कोच म्हणून मला ह्याचं फार वाईट वाटतं. फूटवर्क पुस्तकातून येत नाही, कुणीतरी खांदा धरून दाखवावं लागतं.

विल्टप्रेमी:
हे मला माहीत नव्हतं. एक डॉलरवाली गोष्ट वाचून विल्टबद्दलचा वाद इथेच सोडतो. आणि माझ्याकडून एक क्षण, १९८८ ची फायनल, सहावी मॅच, डेट्रॉइट एका पॉइंटने पुढे, १४ सेकंद उरलेले, ४१ वर्षांचा करीम फ्री थ्रोच्या लाइनवर. तो फाउल होता की नाही ह्यावर अजून भांडणं होतात. आदल्या वर्षी बोस्टनमध्ये त्याने शेवटचा फ्री थ्रो घालवलेला. ह्यावेळी दोन्ही गेले, १०३-१०२, आणि सातवी जिंकून सहावी चॅम्पियनशिप.

बेसलाइन:
विल्टप्रेमी, धन्यवाद. आणि नागपाडाकर, तुमचं तिसरं कारण मला पहिल्या दोनपेक्षा जास्त पटलं. धागा काढताना मी नुसता शॉटबद्दल विचार करत होतो, शिकवणाऱ्या माणसाबद्दल नाही.

पाऊसवेडी:
आठ दिवसांनी लिहितेय. नागपाडाकर सरांनी सांगितलेलं भिंतीचं लेकीला दाखवलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सहाला, गाड्या निघायच्या आधी, भिंतीला डावा खांदा लावून हात वर नेते, वीस वेळा. मग शाळेत रिंगखाली ड्रिल. उजव्या हाताने आता दहातले सहा जातात. डाव्या हाताने अजून एकही गेला नाहीये, बॉल सारखा बोर्डच्या खालून निघून जातो आणि ती वैतागते. काय चुकतंय?

नागपाडाकर:
डाव्या बाजूने मारताना तिने उजवा पाय टेकवायचा असतो, ती बहुतेक सवयीने डावाच टेकवत असणार. बॉल बाजूला ठेवा आणि तीन दिवस नुसती पावलं घ्या. बाजूने व्हिडिओ काढून इथे टाका, पाय दिसतील असा. वरचं नाही दिसलं तरी चालेल.